गजकर्णाची ट्यूब चार दिवसांत काम करते, तोच तर घोळ आहे

भुसावळचा काउंटरवाला
काल इथे कोणीतरी टाकलं : "गजकर्ण झालंय? मेडिकलमधून ट्यूब आणा, चार दिवसांत साफ. स्किनवाल्याकडे पाचशे घालवू नका." खाली दीडशे अंगठे. मी सहा वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा होतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

चार दिवसांत खाज पळवते ती फंगसची दवा नसते, तिच्यात मिसळलेलं स्टिरॉइड असतं. ट्यूब पालथी करून वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, यातलं काही दिसलं की ठेवा परत. लाली उतरते, खाज बसते आणि बुरशी खाली निवांत पसरते, कारण तिच्याशी भांडणारी अंगातली ताकदच आपण झोपवलेली असते. ट्यूब संपली की दुप्पट जोरात वर. मग परत तीच ट्यूब. गोल कड पुसली जाते, पुढे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही.

अशी बरीच स्टिरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. गिऱ्हाईक "ती खाजेवाली" म्हणालं की हात आपोआप फळीकडे जायचा. हो, मीपण दिलीय.

नुसतं क्लोट्रिमाझोल, म्हणजे निव्वळ बुरशीवरचं मलम घ्या. जागा धुऊन, पुसून कोरडी करा. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा.

रावेरचा केळीवाला
वा! सहा वर्षं विकून झाल्यावर अक्कल आली.

शेतीची थ्री-फेज लाइट येते रात्री. बारापासून पहाटेपर्यंत बागेत पाण्यात उभा असतो मी. जांघेत आग लागल्यावर आठवडेच्या आठवडे वाट बघू? खाज बसली तर झोप लागते, झोप लागली तर सकाळी घड कापायला उठता येतं. स्किनचा डॉक्टर गाठायचा म्हणजे जळगाव, एक दिवस मोडला, फी वेगळी. आणि ते दोन सेंटिमीटर काय फूटपट्टीने मोजू?

भुसावळचा काउंटरवाला
जाडसर बोटाची रुंदी भाऊ. केळी मोजता तेव्हा फूटपट्टी लागते का?

धुळ्याची मास्तरीण
केळीवाले भाऊ, माझ्या मुलालाही झोपच हवी होती. होस्टेलला होता, जांघेत झालं, लाजेने घरी सांगितलं नाही. रूममेटने हीच ट्यूब दिली. पाच महिने लावली. दिवाळीला आला तेव्हा चालताना पाय फाकवून चालत होता म्हणून विचारलं. दोन्ही मांड्यांवर आतून जांभळ्या भेगा, बाळंतपणानंतर बाईच्या पोटावर असतात तशा. डॉक्टर म्हणाले, फंगल जाईल, या भेगा फिक्या होतील पण जाणार नाहीत. तापीवर पोरं उड्या मारतात तेव्हा हा कपडे सांभाळत काठावर बसतो. पाचशे वाचले आमचे.

अमळनेरचा आप्पा
टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावा. संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, म्हणजे गोल चट्टा चिरडणारा, उगाच म्हणत नाहीत. आमच्या आजीने अर्धा गाव बरा केला.

धुळ्याची मास्तरीण
लिंबू? खाजवून सोललेल्या जांघेत? आप्पा, आधी स्वतः लावून दाखवा.

नंदुरबारकर
मूळ मुद्दा कोणी बोलत नाही : जीन्स. मे महिन्यात ४५ डिग्री आणि पोरं घट्ट जीन्स घालून गाडीवर. घाम जाणार कुठे? आमच्या वडिलांनी जन्मभर धोतर नेसलं, कधी खाजवताना पाहिलं नाही.

चाळीसगावचा जीन्सवाला
आला धोतराचा मोर्चा. माझे आजोबा धोतरवालेच. कंबरेला गोल पट्टा, वर्षानुवर्षं. कारण विचारा : करदोडा. सुताचा, कायम ओला, तेलकट, काळा पडलेला. रोज मलम लावून वर तोच दोरा बांधणार. डॉक्टरने कापायला सांगितला तर म्हणे, मेल्यावर काप.

नंदुरबारकर
करदोड्यावर जायचं काम नाही. परंपरेवर बोलायला अक्कल लागते.

चाळीसगावचा जीन्सवाला
परंपरा धुवून वापरा, एवढंच म्हणतोय.

नंदुरबारकर
तुझी जीन्स शेवटची कधी धुतलीस ते सांग आधी.

अमळनेरचा आप्पा
मी चांदीचा घालतो. माले कधीच काही झालं नही.

धुळ्याची मास्तरीण
मलम राहिलं बाजूला, सगळे करदोड्यावर. शाळेत असतात तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं.

शिरपूरचा फार्मसीवाला
काउंटरवाले दादा, तुमचंही पूर्ण बरोबर नाही. साधं मलम लावलं की झालं, हे दिवस गेले. आपल्याकडे आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए नावाची बुरशी पसरलीय, २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं. तिचे बरेच प्रकार टर्बिनाफाइन या बुरशीच्या औषधाला दाद देत नाहीत, कारण औषध बुरशीतल्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याचं जनुकच बदललेलं असतं. म्हणून चट्टे अंगभर असतील, डोक्यात किंवा नखात असेल, शुगर असेल, किंवा नीट लावूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तर दुसरी ट्यूब नको, डॉक्टर गाठा. त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, गरज पडली तर गोळ्या देतात. त्या गोळ्याही मनाने नकोत, लिव्हरवर जातात. आणि घरात एकालाच उपचार केला तर फुकट. टॉवेल एक, बिछाना एक, मग गजकर्ण फिरत राहतं. गोऱ्ह्या-वासरांच्या तोंडावर खरबरीत गोल चट्टे असतील तर तिकडूनही येतं.

भुसावळचा काउंटरवाला
मान्य. अर्धं मान्य. लिहिताना डोळ्यापुढे हातावरचा एकच चट्टा होता. पण पहिल्या चट्ट्याला योग्य ट्यूब मिळाली असती तर अंगभर झालंच नसतं, हे मात्र मी सोडणार नाही.

रावेरचा केळीवाला
ट्यूब पालथी केली. अक्षरं मुंगीएवढी, नातवाकडून वाचून घेतली. क्लोबेटासॉल आहे. पाचवी ट्यूब आहे ही.

पटलं असं समजू नका. रात्रीची लाइट कोणी दिवसा करून देणार आहे का? नाही ना. मग पाण्यात उभं राहणं आहेच. पण शनिवारी केळीची गाडी भरून जळगावला जातेच आहे, तर दाखवून येतो. इतके दिवस लावलीय हे त्यांना सांगायचं का, शिव्या देतील का?

धुळ्याची मास्तरीण
सांगा, आणि ट्यूब खिशात घालून न्या. शिव्या दिल्या तर आमच्याही वाट्याच्या खाऊन या.

रावेरचा केळीवाला
बायकोने हे सगळं वाचलं. घरात पाच माणसं, टॉवेल दोन. सकाळपासून सगळ्या चादरी उकळत्या पाण्यात टाकून बसलीय. करदोडा काढलेला नाही. नवा बांधलाय.