प्रभूच्या प्रार्थनेतली ती एक ओळ माझ्या तोंडून निघत नाही

अबोली:
सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पावणेतीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या कर्जाला मी जामीन राहिले. 60 हप्ते होते. पहिले 14 त्यानं भरले, मग हात वर केले. गेले 19 महिने हप्ता माझ्या खात्यातून जातोय, अजून 27 बाकी आहेत. दर 5 तारखेला सकाळी सव्वासातला बँकेचा मेसेज येतो. त्या वेळी मी मुलीची वेणी घालत असते. फोन फळीवर थरथरतो, बघायचीही गरज नसते. मागच्या महिन्यात ती एकदम कळवळली, "आई, दुखतंय!" तेव्हा कळलं की माझी मूठ तिच्या केसांवर आवळली गेली होती.

भाऊ आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. उपासनेत गिटार वाजवतो, सुंदर वाजवतो. मला भेटला की "ताई, प्रभू तुझं भलं करो" म्हणतो, हप्त्याबद्दल एक अक्षर नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यानं सगळ्यांसमोर साक्ष दिली, की प्रभूनं मला कर्जाच्या ओझ्यातून सोडवलं. लोक "आमेन" म्हणाले. मी तिसऱ्या बाकावर बसले होते.

त्या दिवसापासून घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आले की माझे ओठ मिटतात. नवरा आणि मुलगी म्हणतात, मी पुढच्या ओळीला येऊन मिळते. मुलगी आठ वर्षांची आहे. परवा तिनं विचारलंच, "आई, ही ओळ तू का सोडतेस?" मला उत्तर देता आलं नाही.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, क्षमा केली म्हणजे विसरायचं, प्रीती अपकार स्मरत नाही. पण माझ्याकडे एक वही आहे, त्यात प्रत्येक हप्त्याची एक ओळ लिहिलीय. ती फाडून टाकू का? भावाकडे पैसे मागितले तर ती अक्षमा होते का? आणि मनात नसताना ती ओळ म्हणणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं नाही का?

मोहरीचा दाणा:
ताई, बाकीचं जाणकार सांगतील. आज रात्री फक्त बायबलमधलं स्तोत्र 55 वाचा, 12 ते 14 ही वचनं मोठ्यानं. शत्रूनं निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवलग, देवाच्या घरात आम्ही बरोबर चालत जायचो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. तुमच्या तिसऱ्या बाकावर बसूनच लिहिल्यासारखं आहे. असं दुखणं देवासमोर मांडलं तर त्याला राग येत नाही. आला असता तर ते स्तोत्रांत राहिलंच नसतं.

दीपस्तंभ:
मला वाटतं वही फाडावी. मत्तय 6:14-15 स्पष्ट आहे, आपण क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही. 1 करिंथ 6:7 मध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला विचारतो, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, नागवणूक का होऊ देत नाही? पैसा आज आहे, उद्या नाही. मागू नका, प्रभूवर सोडा.

सेवानिवृत्त पाळक:
अबोलीताई, दीपस्तंभ भाऊंनी वचनं बरोबर दिली आहेत, पण अध्याय पुढेमागे वाचायला हवेत. करिंथकरांच्या त्याच सहाव्या अध्यायात पाचव्या वचनात पौल विचारतो, की भावाभावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आणि आठव्या वचनात नागवणाऱ्यालाच झापतो, की तुम्ही आपल्या भावांनाच लुबाडता. सोसणाऱ्याला सल्ला आणि लुबाडणाऱ्याला मोकळीक असं पौलानं कुठेही केलेलं नाही.

मत्तय 18 चंही तेच. साताच्या सत्तर वेळा क्षमा सगळ्यांना पाठ असते. पण पेत्र तो प्रश्न विचारतो त्याआधी, 15 व्या वचनात येशूनं सांगितलंय, की तुझ्या भावानं अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याला तो दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, मग मंडळीला सांग. म्हणजे भावाकडे जाऊन बोलणं ही आज्ञाच आहे. लेवीय 19:18 मधली शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा सर्वांना ठाऊक असते. तिच्या लगेच आधी, 17 व्या वचनात, आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला स्पष्ट बोल, असं आहे. न बोलता मनात ठेवलं की काय होतं ते तुम्ही मुलीच्या वेणीत पाहिलंत.

मत्तय 18 मधल्याच निर्दय चाकराच्या दाखल्याबद्दल एक गोष्ट उपदेशात बहुधा राहून जाते. राजानं दहा हजार तालांत सोडले, चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्यातल्यासारखी. तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा. म्हणजे राजानं सहा कोटी दिवसांची मजुरी सोडली. ती रक्कम इतकी अफाट आहे, की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. पण शंभर दिनारही काही चिल्लर नव्हेत. ताई, तो शंभर दिवसांचा घाम आहे. येशूनं त्या सोबत्याचं देणं दोन-चार दिनारांवर आणलं असतं तरी दाखला चालला असता, पण त्यानं तसं केलं नाही. तुमचं नुकसान खरं आहे हे त्याला माहीत आहे. तुमचे 19 हप्ते क्षुल्लक आहेत असं कुणी म्हणालं, तर ते वचनात नाही.

"अपकार स्मरत नाही" यातला मूळ ग्रीक शब्द हिशेब मांडण्याचाच आहे. कुणाच्या नावावर वाईट मांडून ठेवून ते मनात वाढवत न्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. घडलेलं पुसून टाका असा नाही. हे शब्द लिहिणारा पौलच फिलेमोन नावाच्या विश्वासणाऱ्याला 25 वचनांची छोटीशी चिठ्ठी लिहितो. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, आता प्रभूत भाऊ झालेला. पौल काय लिहितो? त्यानं तुझं नुकसान केलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावावर मांड; मी, पौल, हे स्वतःच्या हातानं लिहीत आहे, मी फेडीन. जाऊ दे, विसर, असं तो फिलेमोनाला म्हणाला नाही. देणं आहे, ते कुणीतरी उचलायचं आहे, आणि मी उचलतो, असं त्यानं कागदावर लिहून दिलं. इब्री 7:22 मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. तुम्ही सही केलीत म्हणून हा शब्द तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल. दुसऱ्याचं भरायला लागणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं, त्याच्यापुढे तुम्ही रोज संध्याकाळी बसता.

माझंही सांगतो. सेवेत असताना एका सहकाऱ्याबद्दल माझ्या मनात सहा वर्षं अढी होती. प्रभुभोजनाला तो रांगेत यायचा. त्याच्यापुढे प्याला धरताना माझा हात इतका थरथरायचा, की द्राक्षरस काठाला लागायचा. सहा वर्षं मी त्याला प्याला दिला आणि एक शब्द बोललो नाही. ते मौन क्षमा होती असं मी स्वतःला सांगत राहिलो. ती क्षमा नव्हती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ती सगळी प्रार्थना पुन्हा वाचा, तिच्यात "मी" कुठेच नाही. आमचा पिता, आमची भाकर, आमची ऋणे. एकाचे ओठ मिटले तर बाकीचे ती ओळ उचलतात, म्हणूनच ती अशी दिली असावी असं मला वाटतं. गेले दोन महिने तुमची ओळ तुमची मुलगी म्हणतेय. आणि लूक 17 मध्ये दिवसातून सात वेळा क्षमा करायला सांगितल्यावर प्रेषित काय म्हणाले? "आमचा विश्वास वाढवा." त्यांनाही ते जमणारं वाटलं नाही, आणि येशू त्यांच्यावर रागावला नाही.

हिशेबनीस:
मी आयुष्यभर जमाखर्च लिहिला, तेवढ्याच अधिकारानं बोलतो. वही फाडू नका. सोडायचं देणंसुद्धा आधी किती आहे ते लिहावं लागतं, नाहीतर नक्की काय सोडलं ते आपल्यालाच कळत नाही. आपण किती भरलं त्याचा खातेउतारा बँकेकडून लेखी घ्या. जामीनदारानं भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क साधारणपणे असतो. हक्क आहे म्हणून बजावलाच पाहिजे असं नाही, पण तो आहे हे माहीत असून सोडणं वेगळं आणि घाबरून गप्प बसणं वेगळं.

नीतिसूत्रे 6 मध्ये जामीन राहिलेल्याला सांगितलंय, की डोळ्याला झोप लागू देऊ नको, जा, त्या माणसाला गळ घाल, हरणासारखा सापळ्यातून सुटून जा. आणि ताई, पुन्हा कुणाच्याही कागदावर सही करू नका. भावाच्या तर नाहीच. क्षमा केली म्हणून पुन्हा जामीन राहायचं असं कुठल्याही वचनात नाही.

दीपस्तंभ:
पाळकसाहेब, लेवीय 19:17 माझ्या लक्षात नव्हतं. वही फाडा हे मी घाईनं लिहिलं. ताई, क्षमस्व.

अबोली:
चार आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचून मी दोन दिवस नुसती रडले, मग बरं वाटलं.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर भाऊ गिटार पिशवीत घालत होता, तेव्हा त्याला मागच्या जिन्यात बोलावलं. आम्ही दोघंच होतो. वही बरोबर होती. आधी तो चिडला. "ताई, तू हिशेब ठेवलास?" मी म्हटलं, "हो. 20 ओळी झाल्यात, वाच." त्यानं वाचली. दहाव्या-बाराव्या ओळीपर्यंत तो उभा होता, मग पायरीवर बसला. म्हणाला, तू काहीच बोलत नव्हतीस, म्हणून मला वाटायला लागलं की तुला जड जात नसेल. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी हेही कळलं, की मी खरंच कधी बोलले नव्हते.

पुढच्या महिन्यापासून हप्त्याचा तिसरा हिस्सा 3 तारखेपर्यंत माझ्या खात्यात टाकीन म्हणाला. मी वही पुढे केली आणि सांगितलं, तुझ्या हातानं लिही. त्यानं लिहिलं, खाली सही केली. पौलाची चिठ्ठी आठवत होती, पण त्याला बोलले नाही. आधीच्या 20 हप्त्यांचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ते बहुतेक मी सोडीन. पण हिशेबनीस काका म्हणतात तसं, मोजून सोडीन.

साक्षीबद्दलही बोलले. मंडळीसमोर खरं सांग, म्हटलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, एवढ्यात नाही जमणार. ते मला अजून खुपतंय. आमच्या पाळकांना मध्ये घालायचं का, यावर नवऱ्याशी बोलतेय.

मुलीला मी सांगितलं, की आईला कुणाचा तरी राग आलाय आणि ती ओळ आईला जड जाते. ती म्हणाली, "मग मी मोठ्यानं म्हणते." आता ती खरंच मोठ्यानं म्हणते. काही संध्याकाळी मीही तिच्याबरोबर म्हणते, काही संध्याकाळी नाही.

येत्या गुरुवारी 5 तारीख आहे. त्या दिवशी वेणी सातच्या आत घालायची असं ठरवलंय. भावाचे पैसे 3 तारखेला येतात का बघायचं. प्रार्थनेत आठवण ठेवा, त्याचीही.