रामनदीत मासे परत आणायचेत: जिवाणूंचं द्रावण ओतावं का?

प्रश्न
पुण्यातल्या पाषाण तलावाच्या खालचा रामनदीचा २०० मीटरचा पट्टा आमच्या सोसायट्यांच्या मागून जातो. पात्र ४ मीटर रुंद. मार्चपासून वीतभर काळं पाणी आणि वास. मासा म्हणाल तर चिलापी आणि गप्पी. जिवाणूंचं द्रावण ओतून वर मत्स्यबीज सोडायचा प्रस्ताव आलाय. पैसे घालावेत का?

उत्तर: काठाकाठाने
इतक्यात नको. वाहतं पाणी २०० मीटर अर्ध्या तासात ओलांडतं, द्रावण मुळा नदीला जाऊन मिळेल. शिवाय हवेवर जगणारे जिवाणू मैला खाताना ऑक्सिजन वापरतातच.

एप्रिलमध्ये काठाने फिरा. पावसाळी गटाराचा पाइप तेव्हाही वाहत असेल तर त्यात सांडपाणी सोडलंय. प्रत्येक तोंडाखाली २० लिटरची बादली धरून भरायला लागणारे सेकंद मोजा. सकाळी लोंढा जास्त असतो, म्हणून दिवसातून चारदा मोजून सरासरी घ्या. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. सेकंदाला १ लिटर वाहत असेल तर साधारण ८०० माणसांचा मैला. एक इमारत की अख्खी वस्ती, ते इथेच कळतं. संशयित इमारतीच्या संडासात फ्लुरोसिन रंग टाकून खाली पाइपच्या तोंडाशी तो दिसतो का ते पाहा. चेंबरमध्ये मात्र कुणालाही उतरवू नका, आत विषारी वायू असतो.

उत्तर: बाटलीवाला
पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटे मोजा. दुपारी शेवाळामुळे आकडा फुगतो आणि फसगत होते. ३०० मिलीच्या बाटलीत बुडबुडा न राहता पाणी भरा, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिली घाला. साका (तळाशी बसणारा गाळ) पांढरा आला तर ऑक्सिजन जवळपास शून्य, पुढचं टायट्रेशन (थेंबथेंब रसायन घालून मोजणं) करूच नका. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आहे.

सांडपाण्यातला अमोनिया मोजाल तर सोबत पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली) लिहिलाच पाहिजे. २५ अंशांना पीएच ७ असताना अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला ५ टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. शेवाळ माजलेल्या डबक्यात भर दुपारी पीएच चढून मासे मरतात त्यामागे बरेचदा हेच असतं.

प्रश्नकर्ता
जेसीबी लावून गाळ काढून घेतला तर?

काठाकाठाने
पाइप बंद झाल्यावरच, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेवढाच साचेल. तेही तुकड्यातुकड्याने, आणि तळ सपाट करू नका. सपाट तळावर पाणी पसरून तापतं. दगड रचून उथळ खळाळ आणि त्याखाली डोह ठेवा, दोन खळाळांत रुंदीच्या ५ ते ७ पट अंतर. तुमच्याकडे २० ते २८ मीटर. खळाळाची उंची वीतभरच असू द्या, मासा वर चढला पाहिजे. काठाला वाळुंज, करंज, उंबर. पाणकणीस लावलं तर दरवर्षी कापून पात्राबाहेर न्यावंच लागतं.

मत्स्यबीज नकोच. त्यात बंदी असलेला आफ्रिकन मांगूर मिसळलेला असतो असं गृहीत धरा. पहाटेचा ऑक्सिजन उन्हाळाभर ४ च्या वर राहिला तर पावसाळ्यात वरच्या भागातून खवल्या, डांडवण असे इथले मासे आपोआप उतरतील.