एच-४ वरून एफ-१ झाल्यावर मुलगी कंपनीच्या विम्यात राहील का?

प्रश्न: नोकरी न्यू जर्सीत. मुलगी २१ ची होतेय, म्हणून पालकांच्या व्हिसावरचा एच-४ सोडून विद्यार्थ्यांचा एफ-१ घेतेय, कॉलेज टेक्सासमध्ये. तिचं नाव काढावं लागेल का?

उत्तर १: नाही हो. २१ व्हिसाचं, विम्याचं वय २६. लग्न, नोकरी, वेगळं घर, काही आड येत नाही. जावयाला मात्र कव्हर नाही. खरी गोची कॉलेजच्या विम्याची. तो फीमध्येच लावून टाकतात, वेव्हर (तो विमा नको, सूट द्या असा) फॉर्म मुदतीत भरा. एफ-१ वाल्यांना काही ठिकाणी वेव्हर मिळतच नाही. आणि तुमचा प्लॅन एचएमओ (ठराविक भागातल्या डॉक्टर-हॉस्पिटलांपुरता) असेल तर टेक्सासमध्ये बहुधा फक्त इमर्जन्सी धरली जाईल.

उत्तर २: एचएसए (उपचारखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) आहे का? मुलगी तुमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट बसत नसेल तर विमा चालू असूनही तिची बिलं त्यातून भरू नका. भरलीत तर कर आणि वर २०% दंड.

उत्तर ३: २६ व्या वर्षी कव्हर वाढदिवशी संपतं की महिनाअखेरीस, ते एचआरकडून लेखी घ्या. पुढे कोब्रा (कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) ३६ महिने, पण ६० दिवसांत कळवायचं. हप्ता पूर्ण प्रीमियमच्या १०२% पर्यंत. न्यू जर्सीची वयाच्या ३१ पर्यंत कव्हर ठेवायची सोय अविवाहित, मूलबाळ नसलेल्यांनाच, आणि कंपनी सेल्फ-फंडेड (क्लेम स्वतःच्या पैशातून भरणारी) असेल तर तीही नाही.