मदत हवी आहे : फ्रिजमागची छोटी झुरळं, फवारणी न करता

खानावळीच्या स्वयंपाकघरात जर्मन झुरळं आहेत. दीड सेंटीमीटरची, डोक्यामागे दोन काळे पट्टे. फवारणी मुद्दाम टाळली आहे. पायरेथ्रॉइड (फवारणीतलं नेहमीचं कीटकनाशक) मारलं की ती भिंतींत पांगतात आणि जेलला, म्हणजे विष घातलेल्या आमिषाला, तोंडही लावत नाहीत. बिजागऱ्यांत, ओट्याखालच्या फटींत जेलचे मसुराएवढे ठिपके दिल्यावर तिथली संख्या उतरली. अडलंय ते फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी. तिथल्या उष्णतेने जेल वाळून खडा होतं. बोरिक पावडर पंख्याच्या वाऱ्याने अन्नात उडेल, म्हणून तीही नको. शिवाय मादी ३०-४० अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगावर वागवते, त्यामुळे एकदाच जेल लावून भागत नाही.

कॉम्प्रेसरजवळ बंद डबीतलं आमिष कुणी वापरलंय का? किती दिवसांनी बदलता? आणि दाराच्या रबरात शिरलेल्यांना बाहेर कसं काढता?