रत्नागिरी आकाशवाणी ‘गाणी कमी पडल्यामुळे’ मागे पडली, हे मला मान्य नाही

भाट्येकर
काल एका गृहस्थांची पोस्ट वाचली आणि तिला सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही. त्यांचे म्हणणे असे, की रत्नागिरी केंद्राने पहिल्यापासून चित्रपटगीतांना प्राधान्य दिले असते, भाषणे आणि शेतीचे कार्यक्रम आवरते घेतले असते आणि मध्यम लहरीचा (मीडियम वेव्हचा) हट्ट सोडला असता, तर आज तरुण श्रोता टिकला असता. शेवटी त्यांनी विचारले आहे, की भजने आणि भातावरचा करपा रोग ऐकायला बसणार कोण?

आम्ही बसत होतो. 1977 साली हे केंद्र सुरू होईपर्यंत आमच्या घरी मुंबई, पुणे आणि पणजी लागत असे, रात्री खरखरीतून रेडिओ सिलोन लागे, आणि यांपैकी कुठेही आमच्या तालुक्याचे नाव ऐकू येत नसे. ‘262.4 मीटर्स, अर्थात 1143 किलोहर्ट्झ’ ही उद्घोषणा कानावर पडू लागली तेव्हा प्रथमच नमन-खेळे, जाखडी आणि डबलबारी या कोकणातल्या लोककला सादर करणारी आमच्याच वाडीतली माणसे रेडिओवर आली. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांविषयी बोलत, तेव्हा माझे वडील वही घेऊन बसत, आणि कोणती फवारणी मोहोर फुलण्यापूर्वी करायची हे आमच्या बागेत त्या वहीवरून ठरत असे. गाणी तेव्हाही होती. ‘आपली आवड’साठी पोस्टकार्ड टाकणाऱ्यांत मीही होतो. केंद्राची ओळख मात्र गाण्यांमुळे नव्हती. ती ओळख पुसली जाण्याचे कारण म्हणजे स्थानिक कार्यक्रमांची जागा वर्षागणिक मुंबई-दिल्लीच्या सहक्षेपणाने, म्हणजे तिकडचेच कार्यक्रम जसेच्या तसे लावण्याने, घेतली. जे कुठेही ऐकता येते, तेच ऐकण्यासाठी रत्नागिरी कोण लावील?

वाशिष्ठीकाठ
आपल्या वडिलांविषयी आदर ठेवून सांगतो, की आपण इतिहासाचे निम्मेच पान वाचले आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीते हलक्या दर्जाची म्हणून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी निमूटपणे शास्त्रीय संगीत ऐकले का? त्यांनी सुई सिलोनवर नेली आणि तिथले निवेदक अमीन सायानी घराघरांत पोहोचले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याला काय हवे हे अधिकाऱ्याने ठरवले की श्रोता निघून जातो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आमच्या चिपळूणच्या घरात रत्नागिरी केंद्र सकाळच्या बातम्यांपुरते लागे आणि मग आई विविध भारती लावी. तिला करप्याशी काही देणेघेणे नव्हते. दिवसभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला दोन गाणी हवी असणे हा काही अपराध नव्हे.

बांदासीमा
दोघेही ‘आमचे केंद्र, आमचे केंद्र’ म्हणता आहात, त्यात आम्ही तळकोकणातले कुठे आहोत? आमच्या बाजूला पणजी अधिक स्पष्ट लागते. पोर्तुगीज अमदानीत 1946 साली तिथे ‘एमिसोरा द गोवा’ निघाले, 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय विमानांनी बांबोळीचे प्रक्षेपण केंद्र उद्ध्वस्त केले आणि मुक्तीनंतर तीच नभोवाणी आकाशवाणीची झाली. त्या केंद्राने कोंकणी आणि मराठी दोन्ही सांभाळल्या. आमचा दशावतार मात्र मराठी रेडिओवर नेहमी ‘लोककलेचा विशेष कार्यक्रम’ म्हणून सणासुदीलाच आला. मालवणीत बोललेले नाटकात चालते, श्रुतिकेतल्या, म्हणजे रेडिओवरच्या नाटिकेतल्या, गड्याच्या तोंडी चालते, पण बातमीत किंवा मुलाखतीत चालत नाही. ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोणाचे स्थानिक, हे आधी ठरवा.

सड्यावरचा
मूळ पोस्टमध्ये मध्यम लहरीचा मुद्दा होता, तो सगळ्यांनी सोडून दिला, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. 20 किलोवॉटचे मध्यम लहरीचे प्रक्षेपक चालवायला जी वीज जळते, तिच्या अंशभरात एक किलोवॉटचे एफएम चालते. 1143 किलोहर्ट्झसाठी पाव लहरीइतका, म्हणजे सुमारे 65 मीटरचा मनोरा लागतो आणि त्याच्या भोवती जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरावे लागते. आपल्याकडचा कोरडा जांभा दगड विजेचा चांगला वाहक नाही, त्यामुळे लहर खाडीवर आणि समुद्रावर सुरेख पसरते आणि सड्यावर, म्हणजे उंच खडकाळ पठारावर, लवकर क्षीण होते. त्यात आता प्रत्येक घरात स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर आले, त्यांच्या खरखरीत मध्यम लहर बुडून जाते. मोबाइलमध्ये ती लागतच नाही. जी लहर पकडायला लोकांकडे यंत्रच नाही, तिच्यावर कितीही उत्तम नमन लावले तरी ते ऐकणार कोण?

हर्णैबंदर
हे तांत्रिक शहाणपण किनाऱ्यावर बसून सांगू नका. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ आले तेव्हा आमच्या भावकीतली होडी समुद्रात होती. इशारा होडीवरच्या सेलवर चालणाऱ्या रेडिओने ऐकवला, म्हणून ती जवळच्या खाडीत शिरली. त्या वादळातून ज्या होड्या परतल्या नाहीत, त्यांच्या घरी जाऊन यंत्र कालबाह्य झाल्याचे सांगा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडचे विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले, कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा ना तुमचे अ‍ॅप चालले ना यूट्यूब.

सड्यावरचा
आपल्या घरावर आलेला प्रसंग मी क्षुल्लक मानत नाही, पण माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नका. मी रेडिओ बंद करा असे म्हटलेले नाही, लहर बदला असे म्हटले आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. उंच सड्यावर मनोरा उभारला तर समुद्राच्या बाजूला तिला अडवायला डोंगर नसतो आणि ती 50 किलोमीटरपर्यंत सहज पोहोचते. लहान होड्या जिथे जातात ती 12 सागरी मैलांची हद्द म्हणजे अवघे 22 किलोमीटर. सेलवर चालणारा एफएम संचही बाजारात मिळतो.

भाट्येकर
समुद्राचे गणित आपण बरोबर मांडले, पण जमिनीचे सोयीस्कर विसरलात. संगमेश्वर, लांजा, राजापूरची निम्मी गावे नद्यांच्या खोऱ्यांत, दोन डोंगरांच्या बेचक्यांत आहेत. सरळ रेषेत जाणारी लहर त्यांच्या डोक्यावरून जाणार. माझी बहीण सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात राहते, तिच्याकडे एफएमचा एक शब्द येत नाही आणि मध्यम लहर दिवसा खणखणीत येते. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती देशभर मध्यम लहरीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत आली आहे. त्यात अशा गावांचा विचार आधी व्हायला हवा. शहरातल्या सड्यावर राहून ‘लहर बदला’ म्हणणे फार सोपे आहे.

सड्यावरचा
मी शहरात राहत नाही आणि माझ्या पत्त्यावरून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. खोऱ्यांसाठी कमी शक्तीची सहक्षेपक केंद्रे उभारता येतात. रात्री आपल्याच लहरीवर दूरची केंद्रे घुसतात तेव्हा तुमच्या भगिनींना काय ऐकू येते, तेही एकदा विचारा.

वाशिष्ठीकाठ
रात्रीचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले. आम्ही माडीवर अडकलो होतो, फोन बंद होते, जुना ट्रान्झिस्टर चालू होता, आणि आम्हाला हवे होते ते इतकेच, की पाणी आणखी किती चढणार आणि मदतीच्या होड्या कोणत्या बाजूने येणार. मी जे केंद्र लावले, त्यावर त्या क्षणी दूरच्या स्टुडिओतून आलेला ध्वनिमुद्रित कार्यक्रम चालू होता. भाट्येकर, तुमच्या सहक्षेपणाच्या तक्रारीत तथ्य आहे, हे मला या एका अनुभवामुळे मान्य करावे लागते. चित्रपटगीतांबद्दलचे माझे मत मात्र तसूभरही बदललेले नाही.

नैमित्तिकउद्घोषक
मी एका केंद्रावर अनेक वर्षे नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केले आहे, केंद्राचे नाव लिहीत नाही. महिन्याला मोजक्या पाळ्या, पाळीप्रमाणे मानधन, आणि निवृत्त झालेल्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या जागी नवा माणूस नाही. ध्वनिमुद्रणाला गावात जाण्यासाठी गाडी मागितली की कागद फिरत राहतो. अशा स्थितीत सहक्षेपण वाढते ते कुणाच्या आवडीनिवडीमुळे नव्हे, तर कळ दाबली की ते आपोआप चालते म्हणून. इथे लहरीवर एवढी शाई खर्च झाली, पण मध्यम लहर असो वा एफएम, माइकसमोर बसायला माणूस नसेल तर पुराच्या पहाटे सूचना देणार कोण? खाजगी एफएमवाल्यांवरही सगळी भिस्त ठेवू नका. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना लावता येतात.

बांदासीमा
मग 2006 च्या धोरणापासून संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो, तो तालुक्या-तालुक्यात का निघू नये? मालवणीत बोलायला कुणाची परवानगीही लागणार नाही.

सड्यावरचा
शंभर वॉटची मर्यादा आणि सपाटीवर जेमतेम दहा-बारा किलोमीटरचा पल्ला. आपल्या डोंगरांत तो त्याहून कमी. एका बाजारपेठेला पुरेल, तालुक्याला नाही.

हर्णैबंदर
आणि समुद्राला तर नाहीच.

भाट्येकर
नैमित्तिक उद्घोषकांनी जे लिहिले ते मूळ पोस्टच्या लेखकाने वाचावे. 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचे ठरले होते आणि राज्यभरातून विरोध झाल्यावर तो निर्णय थांबला, म्हणजे श्रोत्यांच्या पत्रांना अजून वजन आहे. आपत्तीच्या काळात सहक्षेपण तोडून स्थानिक सूचना देता येईल असा माणूस चोवीस तास केंद्रावर असावा, आणि पर्यायी व्यवस्था गावोगाव तपासल्याशिवाय मध्यम लहर बंद करू नये, एवढे पत्र मी मराठीत लिहून पाठवतो आहे. वाशिष्ठीकाठ यांनी सही करावी, दुपारी दोन गाणी अधिक लावा असे एक वाक्य त्यांच्या मातोश्रींसाठी घालायला माझी हरकत नाही.

सड्यावरचा
पहिल्या मागणीवर माझी सही धरा. दुसरीवर नाही. ज्या यंत्राचे सुटे भाग मिळेनासे होत आहेत, त्याला कवटाळून बसण्यात खोऱ्यातल्या गावांचेही हित नाही, आणि हे मी स्वतंत्र पत्रात लिहीन.

हर्णैबंदर
लिहा. त्याला मी उत्तर देईन.