‘शिस्त लावा, आयुष्य वाढेल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रानपाखरू : स्पष्टवक्ता यांनी काल लिहिलं, "गरीब वस्त्यांत लोक लवकर मरतात ते व्यसनांमुळे. शिस्त लावा, आयुष्य वाढेल. हवा-पाण्याची रडगाणी पुरे." वाचून गप्प बसवेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २००८ चा अहवाल उघडा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या कॅल्टन या गरीब भागात पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ५४, काही मैलांवरच्या सधन लेन्झीत ८२. ही २८ वर्षं नुसत्या शिस्तीने भरून निघतील?

स्पष्टवक्ता : कॅल्टनमध्ये दारू-सिगारेट किती चालते, तेही सांगा ना. सोयीचा आकडा तेवढा उचललात.

रानपाखरू : मग व्हाइटहॉलचा अभ्यास घ्या, १९६७ मध्ये सुरू झालेला. सगळे ब्रिटिश सरकारी नोकर, कायम पगार, उपचार मोफत. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराचे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही बरीच तफावत उरलीच.

निशाचर : माझ्या वडिलांनी जन्मभर रात्रपाळी केली. साखर वाढली की डॉक्टर केसपेपरवर लिहायचे, ‘पथ्य पाळत नाहीत’. मध्यरात्री जेवायचं, दिवसा गजबजलेल्या रस्त्यालगतच्या खोलीत डोळा लागतो का बघायचं. त्यांनी कुठलं पथ्य पाळायचं होतं? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलंय.

स्पष्टवक्ता : रात्रपाळी वैमानिकही करतात. ते नाही रडत.

निशाचर : ते शांत, अंधाऱ्या खोलीत झोपतात. आम्ही पाच जण एका खोलीत होतो. आणि ‘रडत’ हा शब्द माझ्या वडिलांसाठी पुन्हा वापरू नका.

पांढरी_टोपी : मी नर्स आहे, नाइट करते. निशाचर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण सगळं डॉक्टरांवर ढकलू नका. बाहेर रांग लागलेली असताना पेशंट झोपतो कुठे, हे विचारायला वेळ कुणाला असतो?

निशाचर : वेळ नसेल तर लिहू नका. त्या शेऱ्यामुळे पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी त्यांनाच झापायचा.

पांढरी_टोपी : हे मात्र खरं आहे. मीही पाहिलंय.

रानपाखरू : धागा वस्त्यांबद्दल होता हो! अमेरिकेतलं फ्लिंट शहर विसरलात? २०१४ मध्ये खर्च वाचवायला नदीचं पाणी घेतलं, त्यात गंजरोधक घातलं नाही, जुन्या नळांतलं विषारी शिसं पाण्यात उतरलं. शिशाला वास नाही. ते पाणी प्यायलेल्या पोरांनी कुठली शिस्त पाळायची होती?

स्पष्टवक्ता : बरं, पाण्याचं मान्य. लहान मुलांना दोष मी दिलाच नव्हता. पण सिगारेट कुणी तोंडात कोंबत नाही. माझा भाऊ तशाच वस्तीत वाढला, त्याने सोडली.

निशाचर : चांगलं केलं त्याने. पाळी कुठली होती त्याची?

स्पष्टवक्ता : दिवसपाळी. त्याचा इथे काय संबंध?

पांढरी_टोपी : आहे संबंध. जागरणात हात पहिला सिगारेटकडे जातो, वॉर्डात रोज बघते. आमच्याकडे दिवस, संध्याकाळ, रात्र अशा क्रमाने पाळ्या लावा म्हणून अर्ज दिलाय, तो क्रम शरीराला कमी जड जातो. अर्ज अजून टेबलावरच आहे.