अनुभव धागा : बोटीवरचा कॅसिनो आणि मोबाईलमधला

शिरपूरची_लेक
आखाजीला माहेरी गेले होते. झोके झाले, गौराईची गाणी झाली, पण ओट्यावर पत्त्यांचा डाव बसलाच नाही. पोरं एकेकटी भिंतीला टेकून, आणि मोबाईलवर रूलेटचं चाक, म्हणजे फिरत्या चाकावर गोटी कोणत्या आकड्याच्या घरात पडेल त्यावर पैसे लावायचे. ते बघून गोव्याची आठवण झाली. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर आम्ही घरचे सगळे गेलो होतो. छोट्या बोटीने नेतात, २१ वर्षांखालच्याला आत सोडत नाहीत. माझं सगळं लक्ष पत्ते वाटणाऱ्या मुलीकडे. टेबल सोडताना तिने टाळी वाजवल्यासारखं करून दोन्ही पंजे उलटसुलट फिरवून दाखवले, वरच्या कॅमेऱ्याला कळावं की हातात काही नाही. मोबाईलवर कोण कोणाला हात दाखवतं? दोन्ही पाहिलेल्यांनी लिहा. मला पोरांची खरंच काळजी वाटतेय.

केळीवाला_रावेर
रात्रीच्या लाईटीला हे जास्त चालतं ताई. मोटर चालू करून बांधावर बसायचं, पाणी भरेपर्यंत झोपता येत नाही, मग फोन. शेजारच्या शेतातल्या पोराची केळीची पट्टी संध्याकाळी खात्यात आली, पाणी भरून होईस्तोवर निम्मी गेली. बोटीवर जायचं तर भुसावळहून गोवा एक्सप्रेस धरा, घरी सांगा, खिशात रोख ठेवा. तेवढ्यात माणूस चारदा विचार करतो.

जंक्शनवाले
गोवा एक्सप्रेस हल्ली वेळेवर असते का? आईला मिरजेला सोडायचंय.

गणिताचे_सर
युरोपियन रूलेटला शून्य धरून ३७ घरं. एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर नफा ३५ रुपये, ३६ नाही. तिथेच शंभराला सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाचे झाले. अमेरिकन चाकाला दोन शून्यं, ३८ घरं, तिथे ५ रुपये २६ पैसे. चाक सारखं असेल तर बोटीवर काय नि फोनवर काय, टक्का तोच. खरा फरक वेगाचा. टेबलावर सगळ्यांचे टोकन (पैशांऐवजी मांडायच्या चकत्या) लागेपर्यंत थांबायचं, गोटी पडायची, हरलेले टोकन ओढायचे, जिंकलेल्याला मोजून द्यायचे. फोनवर बोट टेकवलं की पुढचा डाव, म्हणून तोच टक्का तासाभरात कितीतरी जास्त वेळा कापला जातो. शिवाय तिथे गोटी नसते, बहुतेक खेळांत आकडा प्रोग्राम काढतो. टेलिग्रामवर आलेल्या लिंकमधला प्रोग्राम कोणी तपासलाय?

पारोळेकर_आप्पा
सर, हिशोब पोरांना फळ्यावर मांडून दाखवा एकदा. आकड्याचा नाद आपल्याकडे जुनाच, आणि तोही कापसावरचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईला यायचे, त्यावर सट्टा लागायचा. १९६१ च्या सुमारास ते बंद झालं, मग मटका आला. कापूस पिकवायचा आपण आणि भावावर पैसे लावायचे दुसऱ्यांनी! यंदा वेचणीला मजूर मिळत नव्हते, बोंडं झाडावरच भिजली, ते दुःख वेगळंच.

खापरावरचे_मांडे
आप्पा, आमचंही तेच झालं. निम्मा कापूस पिवळा पडला.

धुळे_आग्रा_रोड
माझ्या शालकाला स्क्रीनवर मोठी रक्कम जिंकल्याचं दिसत होतं. काढायला गेला तर म्हणे आधी टॅक्स भरा. भरला. मग म्हणे खातं पडताळणीचे भरा. बोटीवर टोकन खिडकीवर दिले की समोर पैसे मोजून मिळतात. इथे खिडकीच नाही, भांडायचं कोणाशी? बहीण आठवडाभर जेवली नाही नीट.

शिरपूरची_लेक
अरे देवा. ताईंना सांभाळा दादा.

अमळनेरची_वकील
महाराष्ट्रात कॅसिनो का नाही, असं अशिलं विचारतात. १९७६ चा कॅसिनो कायदा होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ ला रद्द केला. गोव्यात त्यांच्या कायद्याने चालतात. ऑनलाईनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, म्हणून धुळेकर दादा, तक्रार करायला शालकांनी घाबरू नये.

तापीकाठ
मन्हा भाऊ बी तसाच फसना. लाजमा कोणले सांगं नही. घरमा बोला रे पोरेहो, माय-बाप मारतस नही.

जंक्शनवाले
गाडीचं कोणी सांगेल का?

केळीवाला_रावेर
मिरजेला थांबते दादा. आईंना खालचा बर्थ मिळतोय का बघा, वेळ ॲपवर पाहून निघा.

धुळे_आग्रा_रोड
वकील ताई, तक्रार नेमकी कुठे करायची? पोलीस स्टेशनला की बँकेत?

अमळनेरची_वकील
आधी १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. जितका लवकर तितकं चांगलं, पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात. व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, बँकेलाही लेखी कळवा. ॲप डिलीट करू देऊ नका त्यांना, पुरावा जातो.